सुरतेची साथ आणि जंतूंची मसलत

सुरतेच्या आग्नेयेस गोडादरा, लिंबायत, डिंडोली या वस्त्यांत आज जी मराठी कुटुंबे नांदत आहेत, त्यांतील पुष्कळांचे मूळ जळगाव, धुळे, नंदुरबार या खानदेशी मुलुखात आहे. ताप्तीकाठच्या रेल्वेने येऊन यंत्रमागावर उभ्या राहिलेल्या याच समाजाने १९९४ च्या सप्टेंबरात, फुप्फुसाच्या प्लेगाची वार्ता पसरताच, तोंडाला रुमाल बांधून आणि पोरेबाळे कडेवर घेऊन मिळेल त्या गाडीने गावाची वाट धरली. लाखो लोक शहर सोडून गेले, पन्नासावर माणसे दगावली, आणि टेट्रासायक्लिनच्या कॅप्सुली औषधांच्या दुकानांतून दिसेनाशा झाल्या. जंतूच्या पेशीतील प्रथिननिर्मितीच बंद पाडणाऱ्या त्या औषधाने अनेकांचे प्राण वाचवले. पुढे १९९५ मध्ये आयुक्त एस. आर. राव यांनी स्वच्छतेचा जो कडक बंदोबस्त केला, त्याचे मोल मी औषधाहून तसूभरही कमी मानीत नाही.

योगायोग असा की, त्याच १९९४ साली अमेरिकेत फुका, विनान्स आणि ग्रीनबर्ग यांनी जंतूंच्या परस्परसंवादाला 'कोरम सेन्सिंग' हे नाव दिले. नील्सन, प्लॅट आणि हेस्टिंग्ज यांनी १९७० मध्येच दाखविले होते की, समुद्रातील एक दीप्तिमान जंतू विरळ असताना अंधारात राहतो, आणि दाटी झाली म्हणजेच प्रकाशतो. कारण प्रत्येक जंतू एक सूक्ष्म रेणू बाहेर सोडतो व त्याचा साठा ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की सर्वांची जनुके एकदम कामाला लागतात. भाजलेल्या जखमांत ठाण मांडणारा स्यूडोमोनास याच मसलतीने विष सोडतो आणि प्रतिजैविकांना दाद न देणारा चिकट थर बळकट करतो.

तेव्हा जंतूला न मारता त्याची मसलतच मोडावी, हा विचार पुढे आला. सिडनीजवळच्या समुद्रातील डेलिसिया पुल्क्रा या तांबड्या शेवाळाच्या अंगावर जंतूंचा थर फारसा साचत नाही, कारण त्यातील फ्युरॅनोन द्रव्ये हा निरोप पोहोचू देत नाहीत. लसणातील अजोईनही स्यूडोमोनासवर असाच परिणाम घडवते. वाढीवर थेट घाव नसल्याने प्रतिकाराची प्रवृत्ती मंदावेल, अशी संशोधकांची आशा आहे. मात्र नैसर्गिक फ्युरॅनोने मानवी पेशींनाही विषारी ठरल्यामुळे आणि जंतूगणिक निरोपाचे रेणू निराळे असल्यामुळे, हा मार्ग प्रयोगशाळेतून रुग्णालयाच्या नित्य उपचारात अजून रुजू झालेला नाही.