इंडस क्रीड

इंडस क्रीड हा इंग्रजी गीते सादर करणारा मुंबईतील एक रॉक बँड आहे. १९८४ मध्ये तो 'रॉक मशीन' या नावाने स्थापन झाला व १९९३ मध्ये त्याने सध्याचे नाव धारण केले. स्वतः रचलेल्या गाण्यांवर भर देणाऱ्या आरंभीच्या भारतीय रॉक बँडमध्ये त्याची गणना होते. १९८०च्या दशकाच्या अखेरीस महानगरांत वाढलेल्या अनेक किशोरवयीन श्रोत्यांना आपल्याच देशातला आवडता रॉक बँड प्रथम लाभला तो याच्या रूपाने.

रॉक मशीनचा काळ

त्या काळी महाविद्यालयीन महोत्सवांत रॉक बँड प्रामुख्याने परदेशी गाणी वाजवत. मूळ गाण्याशी वादन किती जुळते यावर वादकांची पारख होई आणि अपरिचित गाणे सुरू झाले की श्रोते अस्वस्थ होत. गिटारवादक महेश तिनईकर, बासवादक मार्क सेल्विन, कीबोर्डवादक झुबिन बालापोरिया आणि गायक उदय बेनेगल यांच्या या बँडने अशा श्रोत्यांपुढे स्वतःची गाणी मांडली. 'रॉक अँड रोल रेनेगेड' (१९८८) आणि 'द सेकंड कमिंग' (१९९०) हे त्याचे पहिले दोन अल्बम. पहिल्या अल्बमवर पाश्चात्त्य हार्ड रॉकची छाप उघड दिसते. तरीही ते अनुकरण स्वतःच्या शब्दांत व चालींत होते, हा फरक त्या वेळी लहान नव्हता.

श्रोते व प्रसार

हे अल्बम किशोरांपर्यंत पोहोचले ते मुख्यतः कॅसेटच्या रूपात. एकाने विकत घेतलेली कॅसेट वर्गभर फिरे, कोऱ्या फितीवर तिची नक्कल उतरवली जाई, आणि नक्कल करणाऱ्याचे हस्ताक्षर हेच पुढच्या श्रोत्यासाठी अल्बमचे मुखपृष्ठ ठरे. एखादे गाणे वगळून पुढे जाणे कटकटीचे असल्याने अल्बम बहुधा क्रमाने, पूर्ण ऐकला जाई. मुंबईत काळा घोडा येथील ऱ्हिदम हाउस (२०१६ मध्ये बंद) हे अशा खरेदीचे प्रसिद्ध ठिकाण होते.

प्रत्यक्ष मैफिलींसाठी धोबी तलाव परिसरातील रंगभवन हे खुले नाट्यगृह महत्त्वाचे होते. १९८६ मध्ये सुरू झालेला 'इंडिपेन्डन्स रॉक' हा महोत्सव अनेक वर्षे तेथे भरत असे. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे तेथील मैफिली थांबल्या.

नामांतर

१९९१ मध्ये स्टार वाहिन्यांबरोबर एमटीव्ही आशियात दिसू लागली आणि दूरचित्रवाणीवर भारतीय रॉक बँडला जागा मिळाली. 'प्रिटी चाइल्ड' या गाण्याच्या दृश्यफितीला १९९३ मध्ये एमटीव्हीचा आशियाई प्रेक्षकपसंती पुरस्कार लाभला. नेमके याच वर्षी नाव बदलल्याने एक गोंधळ मात्र उद्भवला: दूरचित्रवाणीवरून बँडची ओळख झालेल्या नव्या श्रोत्याने दुकानात 'इंडस क्रीड' मागितले, तर आधीचे दोन्ही अल्बम दुसऱ्याच नावाखाली निघालेले होते. ते याच बँडचे आहेत हे थोरल्या भावंडाकडून वा मित्राकडून कळल्यावाचून समजणे कठीण होते. नव्या नावाचा पहिला अल्बम, 'इंडस क्रीड', १९९५ मध्ये आला.

विघटन व पुनरागमन

१९९७ मध्ये बँड विसर्जित झाला. बेनेगल आणि त्याच बँडमधील गिटारवादक जयेश गांधी यांनी नंतर न्यूयॉर्कमध्ये 'आम्स फॉर शांती' हा उपक्रम चालवला. २०१० मध्ये बेनेगल, तिनईकर व बालापोरिया पुन्हा एकत्र आले. बासवादक रुशाद मिस्त्री व ढोलवादक जय रो कवी हे नवे सदस्य होते. 'इव्हॉल्व्ह' हा अल्बम २०१२ मध्ये प्रकाशित झाला, म्हणजे आधीच्या अल्बमनंतर तब्बल सतरा वर्षांनी. त्यातील रचना अधिक लांब व गुंतागुंतीच्या आहेत. पहिल्या अल्बमवर वाढलेल्या श्रोत्याला हा वेगळाच बँड वाटण्याची शक्यता आहे.