ध चा मा, कोपरगाव आणि दूरच्या यंत्राचे बंद दार

१/ गोदाकाठच्या कोपरगावाचे नाव राघोबादादांशी जोडलेले आहे. १७८२ च्या सालबाईच्या तहानंतर ते येथे राहिले आणि १७८३ मध्ये येथेच निवर्तले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला. गारद्यांना दिलेल्या हुकमातील ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले, अशी आख्यायिका तेव्हापासून राघोबांच्या नावामागे लागली.

२/ आख्यायिका बाजूला ठेवली तरी तिच्यातले प्रश्न खरे आहेत. निरोप वाटेत कोणी वाचला का? त्यात फेरफार झाला का? तो धाडणारा नक्की कोण? दोन शतकांनंतर संगणकांपुढेही हेच प्रश्न उभे राहिले.

३/ दूरच्या यंत्रावर बसल्या जागेवरून काम करण्यासाठी १९६९ पासून टेलनेट आकाराला आले, तर १९८३ मध्ये बर्कलेच्या युनिक्समधून आरलॉगिन आले. दोन्हींत सारा मजकूर उघड्या पत्रासारखा जाई. वाटेवर दबा धरून बसलेल्याला पासवर्ड जसाच्या तसा वाचता येई.

४/ १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यात असेच पासवर्ड चोरले गेले. तेथील तातू युलोनेन यांनी त्यावर ‘एसएसएच’ लिहिले. एफटीपीचा २१ आणि टेलनेटचा २३ यांच्यामधला २२ हा पोर्ट त्यांनी मागून घेतला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला व्हीएसएनएलने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले.

५/ १९९५ मध्येच सिग्नस कंपनीत ‘सिग्विन’चा आरंभ झाला. युनिक्सच्या आज्ञांचा अर्थ विंडोजला सांगणारा हा दुभाषा. पुढे ओपनएसएसएच त्यावर चालू लागले आणि साध्या विंडोज यंत्रालाही दूरस्थ प्रवेशाचे दार मिळाले. मात्र दुभाषा आला की गैरसमजही आले.

६/ २००२ मध्ये ओपनएसएसएचने नील्स प्रोव्होस यांची अधिकार-विभागणी स्वीकारली. वाड्याची देवडी आठवा. अनोळखी पाहुण्याशी बोलणारा पहारेकरी वेगळा, तिजोरीच्या किल्ल्या बाळगणारा वेगळा. देवडीवरच्या पहारेकऱ्याला ‘/व्हार/एम्प्टी’ या रिकाम्या फोल्डरात उभे केले जाते. तो फितला, तरी त्याच्या हाती काही लागू नये.

७/ म्हणूनच सेवा सुरू होताना तपासते की हे फोल्डर रूटच्या मालकीचे आहे ना, इतरांना त्यात लिहिता तर येत नाही ना. पण विंडोजमध्ये रूट नावाचा धनी नाही! तेथे मालक तोच हवा, ज्या खात्याने सेवा चालते. फोल्डर दुसऱ्या खात्याच्या नावे असले, किंवा भलत्याच खात्यातून सेवा हाताने चालवली, की ती तक्रार करून थांबते.

८/ उतावळा माणूस सर्वांना सर्व परवानग्या देऊन मोकळा होतो. त्याने तक्रार मिटत नाही, उलट पक्की होते. ‘विभागणीच बंद करा’ हा जुना सल्लाही २०१७ पासून निरुपयोगी ठरला, कारण तेव्हा ती सक्तीची झाली. खरा उपाय छोटा आहे: सेवेचे खाते ओळखावे, फोल्डराची मालकी त्यालाच द्यावी आणि परवानगी ७५५ ठेवावी.

९/ दुसरा पेच २००३ चा. पासवर्डाविना, केवळ किल्लीने आलेल्या पाहुण्याला त्याच्या खात्याचा वेश द्यायचा, तर विशेष अधिकार लागे. विंडोज सर्व्हर २००३ ने तो सिस्टिम खात्याच्या सेवांकडून काढून घेतला. म्हणून सिग्विनने वेगळे सेवाखाते निर्माण केले. २०१९ च्या सिग्विन ३.० ने नवी पद्धत आणून त्याची गरज संपवली. जुनी मार्गदर्शिका नव्या यंत्रावर फसते ती येथे.

१०/ २०१८ पासून विंडोजच स्वतःचे ओपनएसएसएच देऊ लागले. आता २२ क्रमांकाच्या दारावर दोन द्वारपाल भांडू शकतात. म्हणून लक्षण आधी ओळखावे. जोडणी तत्काळ नाकारली गेली, तर बहुधा सेवा बंद आहे किंवा पोर्ट चुकला आहे. नुसतीच शांतता असेल, तर फायरवॉल पाहावी. ‘परवानगी नाही’ असे उत्तर आले, तर दार उघडे आहे. अडचण ओळखीची आहे. मग सेवेची नोंदवही वाचावी.

११/ आणि ‘यजमानाची ओळख बदलली आहे’ असा इशारा दिसला, तर तो सवयीने पुसू नका. सर्व्हर नव्याने बसवला असेल, किंवा मध्ये कोणी तोतया उभा असेल. यंत्राच्या मालकाला दुसऱ्या मार्गाने विचारून मोहोर पडताळा. एसएसएचमध्ये वाटेत एक अक्षर बदलले, तरी जोडणी तुटते. तेथे ‘ध’चा ‘मा’ होत नाही. पण खोटी मोहोर आपणच खरी मानली, तर मग कोणतीही गुप्तलिपी आपल्याला वाचवू शकत नाही.