आजोबांचं तट्टू

१८१० मध्ये दौलतराव शिंद्यांची छावणी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली स्थिरावली, तिचंच आमचं लष्कर झालं. फौजेत दख्खनी बुटकी तट्टं होती, अन् त्यांचे वैद्य, साळोत्री. शालिहोत्र ऋषींवरून आलेला शब्द! त्यांची विद्या पुढे टांगेवाल्यांत उरली.

आजोबांचं तट्टू तापातून उठलं तेव्हा बरगड्या मोजता यायच्या. जो तो म्हणे, चंदी वाढवा. आजोबांनी साफ नाकारलं. रिकाम्या आतड्यात एकदम हरभरा गेला की पोटशूळ उठतो, खूर सुजतात. पण उपाशीही ठेवायचं नाही. बुटक्या जातीत अंगची चरबी रक्तात उतरते, जनावर दगावतं. म्हणून वाळकं गवत, मूठभर लसूणघास, दिवसातून सहा वेळा. आजी म्हणे, माझ्या बाळंतपणात एवढे लाड नव्हते हो! दोन महिन्यांनी ते पुन्हा बाड्यावर सवाऱ्या नेऊ लागलं.