बर्फात बसून आलेला मासा

कुणी गोड बोलण्याला भुलला की आपण म्हणतो, ‘लागला गळाला!’ गळाला आमिष हवंच, हे त्यात गृहीत धरलेलं असतं. खाडीवर बसणारा गळाला कोळंबी लावतो, ओढ्याकाठचं पोर गांडूळ नाहीतर कणकेची गोळी लावतं. पण गळाने मासे धरण्याचा एक प्रकार असा आहे, की त्यात खाण्याजोगं काहीच नसतं. असते ती पिसं आणि दोरा गुंडाळून गळावर बांधलेली खोटी माशी. म्हणून या खेळाला ‘फ्लाय फिशिंग’ म्हणतात. त्याचा मानकरी मासा म्हणजे ट्राउट.

इंग्लंडात हा छंद फार जुना. १४९६ साली तिथे छापलेल्या एका पुस्तकात बारा प्रकारच्या माश्या बांधायच्या कृती आहेत. आयझॅक वॉल्टनचं ‘द कम्प्लीट अँगलर’ १६५३ मध्ये निघालं आणि १६७६ च्या आवृत्तीत त्याचा मित्र चार्ल्स कॉटन याने माशीच्या गळावर स्वतंत्र भाग लिहिला.

यात एवढी गोडी कसली? ट्राउट थंड, स्वच्छ, वाहत्या पाण्यात राहतो. प्रवाहाकडे तोंड करून तो एका जागी थांबतो आणि वाहत येणारे किडे टिपतो. म्हणून गळवाला त्याच्या मागून, खालच्या अंगाने येतो आणि आपली सावली पाण्यावर पडू देत नाही. पिसाच्या माशीला वजन नसतं, मग ती फेकायची कशी? तर वजन असतं दोरीला. काठी मागेपुढे झुलवली की जाड दोरी हवेत उलगडत जाते आणि टोकाच्या बारीक तंतूवरची माशी खऱ्या किड्यासारखी अलगद पाण्यावर उतरते. नदीवर या घटकेला कोणता किडा उडतो आहे, हे ओळखून तशीच माशी निवडावी लागते. मासा मिळो न मिळो, नदी वाचायची सवय लागते. खरी गोडी तीच.

साहेब जगभर गेला, तेव्हा ही चैन त्याला बरोबर हवी होती. पण जिवंत मासा महिनोन् महिने बोटीतून न्यायचा कसा? अंडी न्यावीत, तर ती उन्हाळी समुद्रावर मरत. जेम्स यूल या माणसाने बरीच वर्षं खटपट केली. लाकडी खोक्यांत ओलं शेवाळ आणि बर्फ घालून अंडी ठेवली, तर ती जणू झोपून राहतात आणि उबायची लांबतात, हे अखेर त्याला उमगलं. जानेवारी १८६४ मध्ये ‘नॉरफोक’ हे जहाज अशी खोकी घेऊन इंग्लंडहून निघालं आणि एप्रिलमध्ये मेलबर्नला लागलं. त्यात सॅमनची लाखभर अंडी होती. ट्राउटची जेमतेम तीनेक हजार, तीही आयत्या वेळी दिलेली. टास्मानियात ती उबवली. सॅमन समुद्रात गेले ते परतले नाहीत. ट्राउटची मात्र तीनेकशे पिल्लं जगली आणि तिथल्या नद्यांत त्यांचा वंश रुजला.

आपल्याकडे फ्रान्सिस डे यांनी १८६३ मध्ये निलगिरीत प्रयत्न केला होता, तो फसला. काश्मीरसाठी १८९९ मध्ये ड्यूक ऑफ बेडफर्ड यांनी अंडी पाठवली, तीही वाटेतच गेली. डिसेंबर १९०० मधली खेप मात्र सुखरूप पोचली. श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालवणाऱ्या मिचेल नावाच्या साहेबाने ती निगुतीने उबवली. तिथून ट्राउट काश्मीरच्या नद्यांत पसरला आणि १९०९ मध्ये हॉवेल या अधिकाऱ्याने तो कुलूला नेला. पहलगामला आपण ‘इथला खास मासा’ म्हणून आवडीने खातो, तो असा परदेशी पाहुणा आहे.

आज कुणाला हा छंद करून पाहायचा असेल, तर आधी मत्स्यविभागाचा परवाना काढावा. डोक्यावर टोपी आणि डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण झुलणारा गळ कधी आपल्याच चेहऱ्याकडे येतो. वर विजेच्या तारा असतील तिथे काठी उगारू नये. पाण्यात एकट्याने उतरू नये. हातात टेकायला काठी घ्यावी आणि गुडघ्याच्या वर पाणी लागलं की मागे फिरावं. बर्फ वितळून आलेलं पाणी दुपारनंतर चढतं. धरणाखालची नदी तर त्याहून फसवी. ८ जून २०१४ रोजी ब्यास नदीत लारजी धरणातून एकाएकी सोडलेल्या पाण्यात हैदराबादचे २४ विद्यार्थी वाहून गेले. ते मासे धरायलासुद्धा गेले नव्हते, फोटो काढायला खडकांवर उतरले होते.

ही झाली माणसांची काळजी. माशांचं काय? ट्राउट मोठा झाला की दुसरे मासेही खातो. निसर्ग-संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या जीवांची यादी केली आहे. तपकिरी ट्राउट आणि इंद्रधनुषी ट्राउट, दोघेही तिच्यात आहेत. हिमालयातल्या नद्या आधी रिकाम्या नव्हत्या. काश्मीरच्या पाण्यात ‘काशिर गाड’ पूर्वापार होता, आणि आपल्या चैनीसाठी पाहुणा आणणाऱ्यांनी त्याचा विचार केला नाही.

आता ट्राउट परत पाठवता येणार नाही. कित्येक पहाडी कुटुंबांची चूलही त्याच्यावर चालते. पण जिथे तो अजून पोचलेला नाही, त्या ओढ्यांत तरी त्याला सोडू नये. आणि लिद्दरच्या काठी उभे राहाल, तेव्हा वाटाड्याला ट्राउट कुठे मिळेल हे विचाराच. पण त्याच्या आधी इथे कोणता मासा होता आणि तो आता कुठे दिसतो, हेही विचारा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)