मारलेला वाघ आणि पाहिलेला वाघ

१९६१ च्या जानेवारीत इंग्लंडची राणी एलिझाबेथ आणि त्यांचे पती प्रिन्स फिलिप भारतभेटीवर आले होते. जयपूरच्या महाराजांनी या शाही पाहुण्यांना सवाई माधोपूरजवळच्या रणथंभोरच्या रानात नेले. पाहुणचाराचा मुख्य भाग होता वाघाची शिकार. प्रिन्स फिलिप यांनी वाघ मारला. पुढे पसरलेला मृत वाघ आणि मागे उभे असलेले पाहुणे व यजमान, असे छायाचित्र प्रसिद्ध झाले आणि त्यावरून इंग्लंडात टीकाही झाली. नियतीची गंमत अशी, की त्याच वर्षी जागतिक वन्यजीव निधी ही संस्था जन्माला आली आणि तिच्या ब्रिटिश शाखेचे अध्यक्षपद याच प्रिन्स फिलिप यांच्याकडे गेले!

आज त्याच रणथंभोरमध्ये देशोदेशीचे पाहुणे पहाटेच्या थंडीत उघड्या गाडीत कुडकुडत बसतात, ते वाघ नुसता पाहण्यासाठी. रान तेच आणि पाहुणचारही तोच, फक्त वाघ आता जिवंत आहे. वाघ मारून दाखविणारा देश वाघ जिवंत दाखविणारा देश कसा झाला, याचा इतिहास आपण जबलपूरकरांनी तरी माहीत करून घ्यायला हवा. कान्हा आपल्यापासून एका सकाळच्या अंतरावर आहे आणि या इतिहासातली अर्धी पाने तिथेच लिहिली गेली आहेत.

शिकारीचा बाजार

स्वातंत्र्यानंतर संस्थाने गेली, पण शिकार गेली नाही. उलट जी हौस पूर्वी राजेरजवाडे आणि गोरे साहेब यांच्यापुरती होती, ती पैसे मोजणाऱ्या कोणालाही खुली झाली. सरगुजाच्या महाराजांच्या नावावर आयुष्यभरात अकराशेहून अधिक वाघांची नोंद सांगितली जाते. त्यांच्या शेजारच्या कोरिया संस्थानच्या महाराजांनी १९४७ साली तीन चित्ते मारले, ते भारतातले अखेरचे चित्ते मानले जातात. १९५२ साली चित्ता देशातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले.

त्या काळी देशाला परकीय चलनाची चणचण होती. परदेशी पाहुण्याला दाखविण्यासारखे आपल्याकडे काय आहे, तर ताजमहाल आणि वाघ, असा साधा हिशेब होता. सरकारी पर्यटन प्रसिद्धीत शिकारीला मानाचे स्थान मिळाले. शिकारीच्या सहली नेणाऱ्या कंपन्या निघाल्या आणि मध्य भारतातली साल-सागाची राने त्यांची मुख्य बाजारपेठ झाली. जंगलाचे ठरावीक तुकडे करून परवाने दिले जात. पाहुण्यासाठी मचाण बांधायचे, खाली रेडकू बांधायचे आणि गावकऱ्यांना रोजंदारीवर हाकारे घालायला लावायचे, असा सगळा बंदोबस्त असे. पाहुणा कातडे घेऊन मायदेशी जाई आणि डॉलर इथे राहत. एका वाघाची विक्री अशी एकदाच होई.

कॅमेऱ्याने वाघ टिपण्याची कल्पना तोवर अगदीच नवी नव्हती. वनखात्यातले इंग्रज अधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी १९२० च्या दशकात कुमाऊँच्या रानात वाटेवर तार ताणून ठेवली होती. वाघाचा पाय तारेला लागला की दिव्याचा लखलखाट होई आणि वाघाचे छायाचित्र निघे. जिम कॉर्बेट यांनीही उतारवयात बंदुकीपेक्षा कॅमेरा जवळ केला. पण ही मोजक्या जाणकारांची वाट होती. राजमार्ग अजून शिकारीचाच होता.

दिल्लीतली सभा

१९६३ साली जॉर्ज शॅलर नावाचा तरुण अमेरिकन शास्त्रज्ञ कुटुंबासह कान्ह्यात येऊन राहिला. वाघ काय खातो, किती फिरतो, पिल्ले कशी वाढवितो याचा शास्त्रशुद्ध अभ्यास त्याने प्रथमच केला. १९६७ साली त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि वाघाविषयी शिकाऱ्याच्या गोष्टींपलीकडचे काही जगाला वाचायला मिळाले.

१९६९ च्या अखेरीस निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची आमसभा नवी दिल्लीत भरली. वाघ धोक्यात आहे, त्याची शिकार थांबवा, असे आवाहन तिथून झाले. दिल्ली प्राणिसंग्रहालयाचे कैलास सांखला राजधानीतल्या दुकानांत विक्रीला असलेल्या वाघ-बिबट्यांच्या कातड्यांकडे कधीचे लक्ष वेधत होते. पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी त्या सभेत सांगितले, की देशाला परकीय चलन हवे आहे, पण या प्राण्यांच्या जिवाच्या मोलाने नको. १९७० साली वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली. शिकार कंपन्यांनी आरडाओरडा केला, परकीय चलन बुडेल असे इशारे दिले, पण सरकार बधले नाही. ज्या केनियाची सफारी आज जगभर नावाजली जाते, तिथे शिकारबंदी आली ती आपल्यानंतर सात वर्षांनी, १९७७ साली. या एका बाबतीत आपण पुढे होतो, याचा अभिमान बाळगायला हरकत नाही.

पुढची पावले भराभर पडली. १९७२ च्या गणनेत देशात अवघे १,८२७ वाघ भरले. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. सांखला त्याचे पहिले संचालक झाले. पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांत कॉर्बेट, रणथंभोर, बांदीपूर, सुंदरबन, मानस, सिमलीपाल, पलामू यांच्याबरोबर आपले कान्हा आणि महाराष्ट्रातले मेळघाट होते.

मैदान कोणी मोकळे केले?

कान्ह्याला गेलेल्या मंडळींना ती विस्तीर्ण हिरवी मैदाने आठवत असतील. सकाळचे धुके विरते आणि गवतात बारशिंग्यांचे कळप उभे दिसतात. डोळ्यांचे पारणे फिटते. पण ही मैदाने निसर्गाने आयती दिलेली नाहीत. तिथे गावे होती, शेते होती. सौंफसारखी गावे १९७० च्या आसपास उठवून उद्यानाबाहेर नेली गेली आणि त्यांच्या शेतांवर गवत वाढले. १९७० साली कान्ह्यात ६६ बारशिंगे उरले होते. या गवताने आणि कडक संरक्षणाने ते वाचले आणि त्यांची संख्या पुढे कैक पटींनी वाढली. देशभर व्याघ्रक्षेत्रांत हेच घडले. रणथंभोरमधूनही गावे हलली.

गावे सोडणारे कोण होते? कान्ह्यात ते बैगा आणि गोंड होते. बैगा तर वाघाला बाघदेव मानतो. वाघाने माणूस धरला तर शांतीचा विधी त्यानेच करायचा, ही परंपरा. साहेबासाठी आणि नंतरच्या डॉलरवाल्यासाठी हाकारे घातले ते याच लोकांनी, आणि वाघ वाचवायची वेळ आली तेव्हा घरे सोडली तीही यांनीच. सुरुवातीच्या काळात जमिनीचा मोबदला, नवी शेती, पाणी यांचे हिशेब सगळीकडे नीट झाले नाहीत. २००६ च्या वनहक्क कायद्याने अशा स्थलांतरासाठी गावाची संमती आवश्यक ठरविली आणि २००८ पासून कुटुंबामागे १० लाख रुपये देण्याची केंद्राची योजना आली. पण तोवर एक पिढी निघून गेली होती.

पाहुणे आले, वाघ गेले

वाघ दाखविण्याच्या धंद्याची घडी हळूहळू बसली. कर्नाटक सरकारने १९८० साली नेपाळच्या टायगर टॉप्स या अनुभवी कंपनीला बरोबर घेऊन काबिनीच्या काठी निवास सुरू केला. जिथे म्हैसूरच्या महाराजांचे शिकारीचे पाहुणे उतरत, तिथेच कॅमेरेवाले उतरू लागले. कान्हा-बांधवगडला पहाटे माहुत हत्तीवरून वाघाचा माग काढीत. वाघ बसलेला सापडला की निरोप येई आणि जीपमधल्या पाहुण्यांना हत्तीवर चढवून पाळीपाळीने दर्शन घडवीत. ‘टायगर शो’ म्हणत त्याला. आता तो बंद झाला असला, तरी आपल्यापैकी अनेकांनी आपला पहिला वाघ गजराजाच्या पाठीवरूनच पाहिलेला असेल.

२००२ साली ‘अतुल्य भारत’ची मोहीम सुरू झाली आणि ताजमहाल, केरळचे जलमार्ग यांच्याबरोबर वाघही देशाची ओळख म्हणून जगापुढे गेला. रणथंभोरची मछली ही वाघीण तर एखाद्या नटीसारखी प्रसिद्ध पावली. तलावाच्या काठी मगरीशी झुंजणारी ही वाघीण कोणत्याही गोळीला बळी न पडता म्हातारी होऊन २०१६ च्या ऑगस्टमध्ये गेली. तिच्या निधनाची बातमी परदेशांतही छापून आली. मारलेला वाघ एकदाच विकला जातो, पाहिलेला वाघ मात्र जन्मभर घरे चालवितो, हे तिने दाखवून दिले.

पण याच काळात एक मोठा धक्का बसला. दिल्ली-जयपूरहून सहज जाता येणाऱ्या सरिस्कात पाहुण्यांची वर्दळ चालू होती, हॉटेले चालू होती, कागदावर वाघही होते. आणि २००५ च्या आरंभी उघड झाले, की सरिस्कात एकही वाघ उरलेला नाही! सगळे चोरट्या शिकारीत गेले होते. पाऊलखुणांचे ठसे मोजून केलेल्या गणनेवर आपण विसंबलो होतो. पाठोपाठ २००९ मध्ये पन्नाही रिकामे झाल्याचे समोर आले.

पाहुण्यांचे डोळे हीच वाघाची राखण, असे आपण समजत होतो. सरिस्काने तो भ्रम दूर केला. पाहुणा दोन तास ठरलेल्या रस्त्यावर असतो, चोवीस तास रानाभोवती असतो तो गावकरी. वाघापासून त्याला नुसते मेलेले गुरेच मिळत असेल आणि हॉटेलचा पैसा शहरात जात असेल, तर फासे लावणाऱ्याची खबर तो का देईल? सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखालील व्याघ्र कृतिदलाने २००५ च्या अहवालात हेच मांडले. स्थानिकांना बरोबर घ्या, हॉटेलांच्या उत्पन्नातला वाटा रानाकडे वळवा, असे त्याचे सांगणे होते.

त्यानंतर गणनेसाठी ठिकठिकाणी स्वयंचलित कॅमेरे बसले. २००६ च्या गणनेत सत्य समोर आले: १,४११ वाघ. २००८ साली रणथंभोरचा वाघ हेलिकॉप्टरने सरिस्कात नेला, पन्नातही बाहेरून वाघ आणले. भोपाळच्या अजय दुबे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१२ मध्ये व्याघ्रक्षेत्रांच्या गाभ्यातले पर्यटन थांबविले. ऑक्टोबरमध्ये नवी नियमावली आली आणि बंदी उठली. गाभ्याच्या जास्तीत जास्त २० टक्के भागातच पाहुणे न्यायचे, अशी मर्यादा पडली. पर्यटन हे वाघासाठी आहे, वाघ पर्यटनासाठी नाही, ही गोष्ट त्या तीन महिन्यांत सर्वांना कळली.

२०२२ च्या गणनेत देशात सरासरी ३,६८२ वाघांचा अंदाज आला. जगातल्या रानवाघांपैकी सुमारे तीन चतुर्थांश आज भारतात आहेत. एकट्या मध्य प्रदेशात ७८५, म्हणजे देशात सर्वाधिक. नऊ क्षेत्रांची संख्या २०२५ पर्यंत ५८ झाली. १९७० साली बुडणार म्हणून ज्याचा बाऊ केला गेला, ते परकीय चलनही या देशाने जिवंत वाघावर मिळविले.

या यशाचे मानकरी किती तरी आहेत: पंतप्रधान, शास्त्रज्ञ, न्यायाधीश आणि तुटपुंज्या पगारावर पायी गस्त घालणारे वनरक्षक. पण ज्यांचे घर आज गवताखाली आहे, त्यांचे नाव कोणत्याही माहितीफलकावर नसते. कान्ह्याच्या फाटकांवर आज बैगा-गोंडांची काही मुले वाटाडे आणि चालक म्हणून उभी दिसतात. आजोबांनी हाकारे घातले, बापाने गाव सोडले आणि नातू पाहुण्याला वाघाची डरकाळी ओळखायला शिकवितो. हीच या इतिहासातली खरी कमाई आहे आणि ती अजून फार थोडी आहे.

तेव्हा मंडळी, विसर्जनानंतर पावसाळा सरेल, ऑक्टोबरात कान्ह्याची फाटके उघडतील, तेव्हा अवश्य जा. गाववाल्याच्या घरी उतरता आले तर उतरा. वाघ दिसला नाही म्हणून वाटाड्यावर रागावू नका. आणि सौंफच्या मैदानावर गाडी थांबली, की बारशिंग्यांकडे पाहता पाहता क्षणभर त्या गावाचीही आठवण काढा. ज्यांनी जागा करून दिली, त्यांना आधी नमस्कार करावा, ही आपली रीतच आहे.