गेम मध्येच बंद पडतो, 'मेमरी एरर' येते : रॅम बदलण्याआधी काय तपासायचं?

गेम ऐन रंगात असतो आणि काही न सांगता डेस्कटॉप समोर येतो. कधी 'मेमरी कुड नॉट बी रीड' असं लिहिलेला छोटा चौकोन दिसतो, कधी 'आउट ऑफ व्हिडिओ मेमरी', तर कधी थेट निळी स्क्रीन येऊन कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो. (विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीत ही स्क्रीन काळी झाली आहे, अर्थ तोच.) दुकानात नेलं की बहुतेक वेळा एकच निदान होतं : "रॅम गेली, नवीन टाका."

हे निदान बरोबर असू शकतं, पण तपासल्याशिवाय पटवून घेण्यासारखं नाही. २०२५ च्या अखेरीपासून रॅमच्या किमती झपाट्याने वाढल्या आहेत. दोष दुसरीकडे असेल तर पैसे जातात आणि क्रॅश तसाच राहतो. याउलट रॅम खरोखर बिघडलेली असेल आणि दुर्लक्ष केलं, तर नुकसान गेमपुरतं राहत नाही. कॉपी होणारे फोटो, सेव्ह होणारी एक्सेल फाइल, सगळं त्याच रॅममधून जातं. त्यात एक बिट उलटला तर चुकीची फाइल तितक्याच शांतपणे डिस्कवर लिहिली जाते.

एका बिटाने काय होऊ शकतं याचं गाजलेलं उदाहरण बेल्जियमचं आहे. २००३ च्या निवडणुकीत स्कारबेक इथे एका उमेदवाराला शक्य नव्हती इतकी जास्त मतं मिळाली. फेरमोजणीत जादा मतं निघाली बरोबर ४,०९६, म्हणजे दोनचा बारावा घात. सॉफ्टवेअरमध्ये चूक सापडली नाही. मेमरीतला एक बिट शून्याचा एक झाला असावा, हेच स्पष्टीकरण उरलं.

एक शब्द, तीन मेमऱ्या

गोंधळ इथूनच सुरू होतो. मदरबोर्डवर बसवलेल्या पट्ट्या म्हणजे रॅम. ग्राफिक्स कार्डची स्वतःची वेगळी मेमरी म्हणजे व्हीरॅम. आणि विंडोज रॅमला जोड म्हणून डिस्कवर जी जागा राखते ती पेज फाइल. एररमध्ये तिन्हींना 'मेमरी'च म्हटलेलं असतं.

पेज फाइलचा प्रश्न सर्वांत स्वस्तात सुटतो, म्हणून तो आधी पाहावा. 'रॅम भरपूर आहे, पेज फाइल बंद करा, गेम वेगाने चालेल' हा सल्ला अजूनही फिरतो. तो मानू नये. आजचे मोठे गेम प्रत्यक्ष वापरतात त्यापेक्षा कितीतरी जास्त मेमरी आधीच मागून ठेवतात. रॅम आणि पेज फाइल मिळून तेवढं आश्वासन विंडोज देऊ शकत नसेल, तर रॅम मोकळी दिसत असतानाही गेम कोसळतो. ॲडव्हान्स्ड सिस्टीम सेटिंग्जमध्ये परफॉर्मन्स, तिथे व्हर्च्युअल मेमरी उघडून आकार ठरवण्याचं काम विंडोजवर सोपवावं आणि सी ड्राइव्हवर पुरेशी जागा मोकळी ठेवावी. सी ड्राइव्ह लाल पट्टीपर्यंत भरलेला असताना बाकी तपासण्या करणं व्यर्थ आहे.

व्हीरॅम कमी पडत असेल तर गेम आधी अडखळतो, चित्रं धूसर होतात आणि मग क्रॅश होतो. टेक्स्चर क्वालिटी एक पायरी खाली आणून पाहिलं की याचा उलगडा होतो.

'मेमरी कुड नॉट बी रीड'चा खरा अर्थ

या वाक्याचा अर्थ 'रॅम खराब आहे' असा नाही. प्रत्येक प्रोग्रॅमला मेमरीतल्या ठरावीक खोल्यांच्याच किल्ल्या दिलेल्या असतात. त्याने दुसऱ्या खोलीचं दार ढकललं की विंडोज त्याला जागीच थांबवते. नोंदींमध्ये हा गुन्हा ०एक्ससी००००००५ या कोडने दिसतो. दार चुकण्याची कारणं अनेक : गेममधली चूक, जुना मॉड, स्क्रीनवर आकडे दाखवणारं एखादं ओव्हरले, ग्राफिक्स ड्रायव्हर. रॅमने पत्त्यातला एक बिट बदलला तरी नेमकं हेच घडतं. म्हणून एका एररवरून काही ठरत नाही, अनेक क्रॅश एकत्र पाहावे लागतात.

त्यासाठी विंडोजमध्ये एक चांगली सोय आहे, जी फारसं कुणी उघडत नाही. स्टार्ट मेनूत 'रिलायबिलिटी' टाइप केलं की रिलायबिलिटी हिस्ट्री येते. गेल्या काही आठवड्यांत कोणत्या दिवशी काय कोसळलं, याचा तक्ताच तिथे असतो. फक्त एकच गेम, तोही त्याच ठिकाणी कोसळत असेल तर संशय सॉफ्टवेअरवर. आज हा गेम, उद्या तो, परवा ब्राउझरचा टॅब आणि मध्येच निळी स्क्रीन, तीही दर वेळी वेगळ्या कारणाची, असं असेल तर संशय हार्डवेअरवर.

आणखी एक खूण चांगली आहे. स्टीमवर गेमच्या फाइल पडताळून पाहण्याची सोय आहे. पडताळणीत खराब फाइल सापडली, पुन्हा डाउनलोड झाली आणि प्रश्न मिटला तर उत्तम. पण प्रत्येक पडताळणीत नव्याच फाइल खराब निघत असतील, किंवा मोठी झिप फाइल उघडताना मध्येच एरर येत असेल, तर रॅम, प्रोसेसर किंवा एसएसडी यांपैकी कुणीतरी डेटा बिघडवत आहे.

रॅम चांगली, सेटिंग जड

रॅमच्या खोक्यावर ३६०० किंवा ६००० असा आकडा छापलेला असतो. पट्टी लावली की तो वेग आपोआप मिळत नाही. डीडीआर५ चा मूळ वेग ४८०० पासून सुरू होतो, खोक्यावरच्या आकड्यासाठी बायोसमध्ये इंटेलवर एक्सएमपी आणि एएमडीवर एक्सपो हे प्रोफाइल चालू करावं लागतं. त्यात व्होल्टेजही वाढतं. डीडीआर४ चं प्रमाण १.२ व्होल्ट आहे, एक्सएमपीत ते बहुधा १.३५ होतं. ही खरं तर ओव्हरक्लॉकिंगच आहे, फक्त एका बटणावर आणलेली. पट्टी त्या वेगाला तयार असली तरी प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर आणि मदरबोर्ड यांना तो पेलेलच याची खात्री नसते. चार पट्ट्या लावल्या तर भार आणखी वाढतो, डीडीआर५ मध्ये तर फारच.

म्हणून पहिली खरी चाचणी फुकटची आहे : बायोसमध्ये जाऊन हे प्रोफाइल बंद करा आणि दोन-तीन दिवस नेहमीसारखं खेळा. क्रॅश थांबले तर पट्ट्या टाकून देण्याचं कारण नाही. मदरबोर्डचा बायोस अपडेट करून किंवा वेग एक पायरी कमी ठेवून काम भागतं. गेममध्ये पडणारा फरक बहुतेकांना जाणवतही नाही. एक इशारा मात्र हवा. डीडीआर५ च्या कॉम्प्युटरमध्ये अशी सेटिंग बदलल्यावर पहिल्यांदा सुरू होताना स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. मदरबोर्ड तेव्हा रॅमशी जुळवून घेत असतो. घाबरून बटण दाबू नये.

रात्रभराची परीक्षा

प्रोफाइल बंद करूनही क्रॅश होत असतील तर रॅमची परीक्षा घ्यावी. विंडोजमध्येच 'मेमरी डायग्नोस्टिक' आहे, पण ती वरवरची तपासणी. तिने दोष दाखवला तर तो खरा मानावा, 'सर्व ठीक' म्हटलं तर फार विसंबू नये. भरवशाचं साधन म्हणजे मेमटेस्ट८६. १९९४ मध्ये ख्रिस ब्रेडी यांनी ते लिहिलं आणि आजही ते मोफत मिळतं. पेन ड्राइव्हवर टाकून कॉम्प्युटर त्यावरून सुरू करायचा, म्हणजे विंडोज मध्ये येत नाही. मोफत आवृत्ती चार फेऱ्या करते. १६ किंवा ३२ जीबी रॅमला कित्येक तास लागतात, तेव्हा झोपण्यापूर्वी लावणं सोयीचं.

निकाल वाचायला सोपा आहे : शून्य चुका म्हणजे पास. एक चूक आली तरी नापास. 'लाखो तपासण्यांत एकच तर आली' हा हिशेब इथे चालत नाही.

तापमानही लक्षात घ्यायला हवं. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे इवल्याशा कपॅसिटरमधला चार्ज आणि तो सतत गळत असतो. डीडीआर४ मध्ये दर ६४ मिलिसेकंदांत सगळ्या कपॅसिटरांना पुन्हा भरावं लागतं. उष्णता वाढली की गळती वाढते. त्यामुळे पहाटे कॅबिनेट उघडं ठेवून पास झालेली पट्टी नागपूरच्या मे महिन्यातल्या दुपारी, ग्राफिक्स कार्डाची गरम हवा अंगावर घेत, नापास होऊ शकते. क्रॅश फक्त तासभर खेळल्यावरच होत असतील तर पंखे आणि धूळ आधी पाहा.

चुका सापडल्या की दोषी कोण ते अदलाबदलीने ठरतं. वीज पूर्ण बंद करून, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगावरचा स्टॅटिक चार्ज घालवायचा. मग एकेक पट्टी एकाच स्लॉटमध्ये लावून चाचणी करायची. चूक पट्टीबरोबर फिरली तर पट्टी खराब. कोणतीही पट्टी त्या स्लॉटमध्ये चुकत असेल तर स्लॉट, मदरबोर्ड किंवा प्रोसेसर. दोनच पट्ट्या असतील तर त्या बहुतेक मदरबोर्डवर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये असायला हव्यात. खोडरबरने सोनेरी टोकं घासायची आपल्याकडची जुनी युक्ती कधीकधी चालते, पण रबराचा चुरा स्लॉटमध्ये जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड जास्त बरं.

सगळं पास, तरी क्रॅश

इथे २०२४ चं इंटेल प्रकरण ठाऊक असणं उपयोगी आहे. तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर असलेल्यांना अनेक गेममध्ये 'आउट ऑफ व्हिडिओ मेमरी' ही एरर येत होती. साहजिकच लोक ग्राफिक्स कार्डाला दोष देत होते. अखेर एनव्हिडियानेच अशा ग्राहकांना इंटेलकडे पाठवायला सुरुवात केली. व्हीरॅम कमी पडतच नव्हती. गेमचा डेटा उलगडताना प्रोसेसर चुका करत होता आणि गेम त्या चुकीला मेमरीचं नाव देत होता. प्रोसेसरला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत असल्याचं इंटेलने मान्य केलं आणि ऑगस्ट २०२४ पासून मायक्रोकोडचे अपडेट आले. ते मदरबोर्डच्या बायोस अपडेटमधून मिळतात. पण आधीच इजा झालेला प्रोसेसर अपडेटने बरा होत नाही, तो बदलूनच घ्यावा लागतो. अशा खोकाबंद प्रोसेसरांची वॉरंटी इंटेलने तीनवरून पाच वर्षांवर नेली आहे. म्हणून २०२३ मध्ये घेतलेल्या कॉम्प्युटरचं बिल शोधून ठेवण्यात अर्थ आहे.

बिल रॅमसाठीही लागतं. बऱ्याच ब्रँडची रॅमवरची वॉरंटी दीर्घ मुदतीची असते आणि दुकानदार ती स्वतःहून सांगेलच असं नाही. दोन पट्ट्यांचा संच घेतला असेल तर एकच खराब असली तरी बहुधा दोन्ही पाठवाव्या लागतात. पाठवण्याआधी मेमटेस्टच्या लाल ओळींचा फोटो आणि पट्टीवरचा सिरियल नंबर मोबाइलमध्ये घेऊन ठेवा.