कपाळाची भिंत आणि नाकाची वाट

माझ्या लहानपणीं आमच्या आळींत एक वृद्ध गृहस्थ राहत. त्यांच्या उजव्या भुवईच्या वर अंगठा बसेल एवढा खोल खळगा होता. लढाईंत गोळी लागली असावी, अशी आम्हां पोरांची समजूत. एकदां धीर करून विचारलें, तेव्हां ते हंसून म्हणाले, "अरे, ही लढाई सर्दीशीं झाली." त्या बोलण्याचा अर्थ मला कळावयास पन्नास वर्षें लागलीं. गेल्या वर्षीं माझ्या पुतण्यावर त्याच जातीच्या दुखण्यासाठीं शस्त्रक्रिया झाली. तो घरीं आला तेव्हां त्याच्या कपाळावर ओरखडासुद्धां नव्हता. या दोन कपाळांमधील अंतर वैद्यांनीं कसें तोडलें, तें आज सांगावयाचें आहे.

भुवयांच्या वर कपाळाच्या हाडांत दोन पोकळ्या असतात. त्यांनाच डॉक्टर फ्रॉन्टल सायनस म्हणतात. जन्मतः त्या नसतात म्हटलें तरी चालेल. त्या बालपणीं वाढूं लागतात आणि तारुण्यांत पूर्ण होतात. पोकळीच्या मागें हाडाची पातळ भिंत आणि तिच्यापलीकडे मेंदू, तळाखालीं डोळा. आंतील ओलावा नाकांत उतरावयास एकच अरुंद, वेडीवांकडी वाट. ती सुजून बुजली कीं आंत पू सांचतो. पेनिसिलिन येण्यापूर्वीं हा पू कित्येकदां मेंदूपर्यंत पोंचे, आणि मग रोग्याची आशा सोडावी लागे.

1884 सालीं स्कॉटलंडांतील अ‍ॅबर्डीनच्या अलेक्झांडर ऑगस्टन यानें कपाळाच्या हाडाला भोंक पाडून ही पोकळी उघडली, आंतून खरवडून काढली आणि नाकाकडील वाट रुंद करून तींत नळी ठेवली. पुवांतील स्टॅफिलोकोकस नांवाचा जंतु ओळखणारा तो हाच ऑगस्टन. दुखण्याचें मर्म वाटेंत आहे हें त्याला उमगलें होतें. परंतु रुंद केलेली वाट पुन्हां आकसे, आणि रोगी पूर्वपदावर येई.

मग शस्त्रवैद्यांचें लक्ष वाटेवरून भिंतीकडे वळलें. कून्ट यानें 1895 सालीं पोकळीची पुढची भिंतच काढली. रीडेल यानें 1898 सालीं भिंतीबरोबर तळहि काढला. पोकळीच राहिली नाहीं तर पू सांचणार कोठें, असा हा हिशेब. हिशेब चुकीचा नव्हता, पण त्याची किंमत रोग्याच्या चेहऱ्याला मोजावी लागे. कपाळाची कातडी खचून मागच्या भिंतीला चिकटे. फ्रायबुर्गच्या गुस्टाव किलियान यानें 1903 सालीं भुवईच्या जागीं सुमारें एक सेंटिमीटर रुंदीचा हाडाचा पट्टा राखला, तो एवढ्यासाठीं कीं निदान भुवई तरी बसूं नये. आमच्या आळींतील खळगा याच घराण्यांतला असावा.

या मंडळींत मला विशेष मान द्यावासा वाटतो तो बोस्टनच्या लॉथ्रॉप याला. 1914 सालीं त्यानें दोन्ही पोकळ्यांमधील पडदा, त्यांचा तळ आणि नाकाच्या मधल्या पडद्याचा वरचा भाग काढून दोन्ही बाजूंची मिळून एकच प्रशस्त वाट नाकांत उतरविली. भिंत मोडूं नये, वाट करावी! पण नाकांतून काम करावयाचें तर दिसणार कसें? डोक्याला बांधलेल्या आरशाचा उजेड त्या कोपऱ्यांत धड पोंचत नसे. सूतभर वर चुकलें तर मेंदू, बाजूला चुकलें तर डोळा. म्हणून त्यालाहि बाहेरून छेद घ्यावाच लागे. बोस्टनच्याच मोशर यानें तर 1929 सालीं, नाकांतून चाळणीच्या हाडावर केलेली शस्त्रक्रिया हा रोगी दगावण्याचा एक सोपा मार्ग आहे, अशा अर्थाचें लिहून ठेवलें. लॉथ्रॉपची कल्पना त्यामुळें बाजूस पडली. पुढें पोटाची चरबी भरून पोकळी बुजविण्याची पद्धतहि आली.

अडलें होतें तें डोळ्यापाशीं. बोझिनी यानें 1806 सालीं मेणबत्तीच्या उजेडाची नळी केली होती. विसाव्या शतकाच्या आरंभीं हिर्शमान यानें मूत्राशय पाहण्याच्या दुर्बिणीची लहान आवृत्ति घेऊन दाढेच्या खांचेंतून गालाच्या पोकळींत डोकावून पाहिलें. परंतु चित्र अंधुक दिसे. नळींत दूर दूर बसविलेलीं लहान भिंगें आणि मध्यें हवा, अशी ती रचना. इंग्लंडांतील भौतिकशास्त्रज्ञ हॅरल्ड हॉपकिन्स यानें 1959 सालीं ती उलटी केली: नळी कांचेच्या लांब दांड्यांनीं भरली आणि मध्यें हवेच्या लहान फटी ठेवल्या. भिंगाचें काम जणूं त्या फटींकडे आलें, आणि उजेड कितीतरी पटींनीं वाढला. शाळेंत मी भिंगांचा पाठ वर्षानुवर्षें शिकविला, पण हवेचेंहि भिंग होऊं शकतें हें कधीं मनांत आलें नव्हतें! स्वदेशीं त्याला कारखानदार मिळेना. जर्मनींतील टुटलिंगेनच्या कार्ल श्टोर्त्स यानें ती दुर्बीण बाजारांत आणली.

ऑस्ट्रियांतील ग्रात्स येथें वाल्टर मेसरक्लिंगर हीच दुर्बीण घेऊन वर्षानुवर्षें नाकांत पाहत बसला. त्याला दिसलें कीं, आंतील त्वचेवरच्या सूक्ष्म लोमांच्या हालचालीनें शेंबूड ठरलेल्या मार्गानेंच वाहतो. कपाळाच्या पोकळींत तो आंतल्या भिंतीवरून वर चढतो, छतावरून बाहेर जातो आणि तळावरून परत दाराशीं येतो. गालाच्या पोकळीस दुसरें दार पाडलें, तरी तो जुन्या दाराचीच वाट धरतो. शिवाय अडथळा बहुधा पोकळींत नसून खालीं चाळणीच्या हाडाच्या कप्प्यांत असतो. तेवढा दूर केला कीं वरची सूज पुष्कळदां आपोआप ओसरते. 1978 सालीं त्याचा ग्रंथ इंग्रजींत आला. त्याचा शिष्य स्टामबर्गर आणि अमेरिकेंतील डेव्हिड केनेडी यांनीं 1985 च्या सुमारास ही पद्धत जगभर नेली. सी. टी. स्कॅनमुळें मेंदू आणि डोळा यांच्या सीमा शस्त्रक्रियेपूर्वींच कळूं लागल्या होत्या.

कपाळाची पोकळी मात्र सर्वांत शेवटीं हातीं आली. कारण तिची वाट नाकपुडींतून सरळ दिसत नाहीं, तिरकस पाहणारी दुर्बीण आणि वांकडीं हत्यारें लागतात. जर्मनींतील फुल्डाच्या वोल्फगांग ड्राफ यानें 1991 सालीं नाकांतून करावयाच्या शस्त्रक्रियेच्या तीन पायऱ्या सांगितल्या. तिसरी पायरी म्हणजे लॉथ्रॉपचीच प्रशस्त वाट, बाहेरच्या छेदावांचून. मधें सत्त्याहत्तर वर्षें गेलीं होतीं.

सर्वच कपाळें अशीं सुटतात असें नाहीं. पोकळीच्या दूरच्या कोपऱ्यांत रोग असला तर आजहि कधीं बाहेरून छेद घ्यावा लागतो. आणि ऑगस्टनला छळणारें तें आकसणें अजून पुरतें गेलेलें नाहीं. माझ्या पुतण्याला म्हणूनच दर तीन महिन्यांनीं दुर्बिणीनें तपासून घ्यावें लागतें. वाट उघडी आहे ना, एवढेंच डॉक्टर पाहतात. गेल्या खेपेस उघडी होती.